लूमवरची तेलुगू

अंजूरच्या धनेशचं ऋतिकावर मन बसलं आणि तिच्या आईने, नरसम्माने, अट घातली, "आमच्या ह्यांच्याशी तेलुगूत बोल. ते हो बोलले तर मी नाय बोलणार नाय."

म्हणजे सरळ नकारच. ऋतिकाचे वडील मल्लेशम जन्मभर लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, राबले आणि घरी बसल्यापासून कुणाशी शब्द बोलले नव्हते. नुसते ओठ हलायचे. अखंड नामजप चालतो म्हणून शेजारणी त्यांच्या पाया पडून जायच्या.

धनेशने मोबाइलवर धडे गिरवले, तेलुगू सिनेमे पाहिले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्याच्याबरोबर गोदामात काम करणारा रघू म्हणाला, "पोहायचं तर पान्यात पडाया लागतं. टेमघरला लूमवर समदे तेलुगूच हायेत. तिथं शिफ्ट धर."

धनेशने धरली. लूम सुरू असताना स्वतःची शिंकही ऐकू येत नाही, हे त्या शहाण्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात, आवाज काढायच्या फंदात कुणी पडत नाही. पण गडी चिकट. ओठ बघून बघून तो अख्खी तेलुगू शिकला. ती ऐकायची तेवढी राहून गेली.

ठरल्या दिवशी तो मल्लेशमसमोर बसला आणि भराभर ओठ हलवू लागला. आवाज काय तो पंख्याचा.

"अगं बाई, हा तर मुका हाय!" नरसम्मा ओरडली. ऋतिकाने कपाळाला हात लावला.

इतक्यात म्हाताऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले. त्याचे ओठ हलले, मग हात, मग खांदे. दोघं पोट धरून हसले, तेही आवाज न करता.

"काय बोलतात ते?" नरसम्माने धनेशला विचारलं.

"आमटीत मीठ घाला म्हनतात. घरी बसल्यापास्ना रोज सांगतात."

"आणि नामजप?"

"तो न्हाय."

नरसम्मा जवळ सरकली. "लग्नाचं काय बोलले?"

"हो म्हनतात."

"तू तर हो सांगणारच! तुझ्यावर भरवसा कसा ठेवू?"

मल्लेशमचे ओठ चालूच होते. कितीतरी वर्षांचं साचलेलं होतं. नरसम्मा त्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. तिला रागही आला आणि रडूही आलं.

"आता काय बोलतात?"

"लई हाय, मावशी. आज सांगून व्हनार न्हाय."

"ऋतिका, साखर आण," नरसम्मा डोळे पुसत म्हणाली. "हा जावई गेला तर माझा नवरा माझ्याशी काय बोलतो, ते मला कोण सांगणार?"