चौकात लागलेला नकाशा

आमच्या कॉलनीच्या चौकात मी धम्मपालचा जो फ्लेक्स लावला, तो एवढा मोठा होता की ओझरला उतरणारी विमानं त्याला वळसा घालून जायची. खोटं वाटतंय ना? वाटू द्या. माझ्यावर विश्वास न ठेवायची सवय अख्ख्या कॉलनीला आहे, आणि तिनेच आता घात केलाय.

धम्मपाल माझा भाचा, भिमाबाईचा मुलगा. चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होता. सिलिकॉनची चकती धुतल्यावर पाण्याचा एक थेंब जरी तिच्यावर सुकला, तरी तेवढ्या चिपा बाद. पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांवरचं पाणी हवेने उडवताना त्याने पाहिलं आणि सहा वर्षं खपून चकती सुकवायचं यंत्र काढलं. आधीची दोन पेटंटं कंपनीच्या नावावर गेली होती. नोकरी सोडून केलेलं हे तिसरं त्याचं स्वतःचं.

आमच्याकडे पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो. मग पेटंटला नको? एकदा त्याच्या घरी गेलो, तो आत चहा टाकत होता, टेबलावर यंत्राचा नकाशा होता. मी मोबाइलवर फोटो काढला. तो बेंगळुरूला गेला त्या आठवड्यात फ्लेक्स लागला. ‘पेटंटवीर धम्मपाल यांचे अभिनंदन’, खाली मापांसकट नकाशा, आणि नकाशाहून मोठा मी. हार भिमाबाईने घेतला. भाषण मी केलं.

अर्ज अजून गेलाच नव्हता. परतल्यावर त्याने फ्लेक्स पाहिला, उतरवला आणि त्याच आठवड्यात अर्ज केला. पण पुढे एका बड्या कंपनीने हरकत घेतली. सोबत फ्लेक्सचा फोटो आणि माझ्या भाषणाचा व्हिडिओ.

धम्मपालच्या वकील संजनाताईंनी तो व्हिडिओ माझ्यासमोर लावला. मी म्हणत होतो, “भाच्याने स्वतःच्या हाताने नकाशा दिला. म्हणाला, मामा, लावा चौकात.”

“असं म्हणाले होते का ते?”

“नाही हो. मी न विचारता फोटो काढला. भाषणात थोडा रंग भरावा लागतो.”

“अर्जाआधी कल्पना जगजाहीर झाली की पेटंट जातं, मामा. त्यांच्या परवानगीशिवाय कुणी जाहीर केली असेल, तरच वाचण्याची आशा.”

“मग लिहून देतो. चोर म्हणून लिहा.”

“लिहू. पण ते विचारतील, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?”

धम्मपाल खिडकीशी उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “मामा, या वेळी विमान घालू नका.”

मी सहा ओळी लिहिल्या. एकही विमान नाही. घरी येऊन भिमाबाईला वाचून दाखवल्या.

तिने चष्मा पुसला, कागद पुन्हा स्वतः वाचला.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “खरंच असं झालं होतं, का धम्माला वाचवायला लिहिलंस?”

सुनावणी मंगळवारी आहे.