मला आडवाच ठेवा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पंखा आहे. छताचा नव्हे हो, विमानाचा! लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून, तासून मला घडवलं. माझी दोन्ही पाती तोलाला अगदी सारखी, याचा मला अजूनही तोरा आहे.

मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात मी बरीच वर्षं फिरलो. विमान मोडीत निघालं तेव्हा तिथला मेकॅनिक पुंडलिक याने मला मागून घेतलं आणि पेणहून एसटीच्या टपावर बांधून आपल्या गावी, जोह्याला आणलं. ते साल अडुसष्ट. ओटीच्या भिंतीत दोन खुंट्या ठोकून, त्यांना जाड कापड गुंडाळून त्याने मला आडवं ठेवलं. चुलीपासून लांब, उन्हापासूनही लांब. दर गणपतीला माझ्या मधल्या भोकात तो लोखंडी कांब घालायचा आणि तिची टोकं दोन स्टुलांवर टेकवायचा. मी कुठल्याच बाजूला झुकत नसे. "बघ गो, अजून तोल हाय," असं तो बायकोला, चंद्रावतीला दाखवायचा. ती दरवर्षी नव्याने हसायची.

एका शिमग्यानंतर पुंडलिक गेला. चंद्रावती दसऱ्यापर्यंत निडीला माहेरी राहिली. मागे घरात त्याचा धाकटा भाऊ काळुराम होता, गणपती घडवणारा. भावाची वस्तू अशी आडवी पडलेली त्याला बघवेना. मूर्ती कधी आडवी ठेवायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याने मला कारखान्यात नेलं, ओल्या मातीच्या मूर्तींच्या रांगेत उभं केलं, हार घातला आणि वर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक गुंडाळलं. माणूस मनाने सोनं, पण माझी झाली पंचाईत! अख्खा पावसाळा जमिनीची ओल माझ्या खालच्या पात्यात चढत राहिली. टोकाशी फळ्यांचा सांधाही सुटला.

चंद्रावती परतली आणि आधी कांब घेऊन आली. माझं एक पातं धपकन खाली गेलं. नवऱ्याच्या हातचा तेवढा तोलच तिच्यापाशी उरला होता. तिने ते टोक चाचपलं; ओलं गच्च.

काळुराम ओशाळला. "वैनी, देवासारखा उभा केला मी त्याला."

"तो देव नाय, भावजी. त्याला आडवाच ठेवायचा असतो."

त्याने चूक पदरात घेतली. घाईने उन्हात टाकलं असतं तर मी तडकलो असतो, म्हणून मूर्ती सुकवतात तसं त्याने मला सावलीत, वाऱ्यावर सुकू दिलं. पुरता सुकल्यावर पेणच्या सुताराकडून सांधा चिकटवून घेतला.

पुंडलिकच्या वर्षश्राद्धाला पुन्हा कांब आली. मलाही धाकधूक होतीच. मी जरासा हललो आणि थांबलो, सरळ आडवा. चंद्रावतीने डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया जरूर करा, पण तिला काय मानवतं ते आधी विचारून घ्या. मला कोरडी भिंत आणि दोन खुंट्या पुरतात.

त्या दिवशी काळुराम हार घेऊन माझ्यापुढे नुसताच उभा होता. घालावा की नको, त्याला कळेना.

"घाला भावजी," चंद्रावती म्हणाली, "पण मधोमध घाला."