सरांच्या घरातली वजाबाकी

शाळेत त्यांना सर म्हणायचं आणि घरी बाबा, हा नियम त्यांनीच घालून दिला होता. थोरली सातवीत त्यांच्या वर्गात आली त्या दिवशी, शाळेच्या फाटकापाशी उभं राहून त्यांनी तिला सांगितलं, "या फाटकाच्या आत तू माझी कोणी नाहीस. उगाच लोकांना बोलायला जागा नको." तिने मान हलवली. तिला वाटलं, एवढंच असेल तर जमेल.

सर गणिताचे नावाजलेले शिक्षक होते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे मोठमोठ्या जागांवर चिकटली होती, आणि रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करायची. ज्याला गणित येतं त्याच्यासाठी सर देवमाणूस होते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी त्यांच्याकडे फक्त जीभ होती. उत्तरपत्रिका ते पहिल्या मुलापासून शेवटच्या मुलापर्यंत मार्क मोठ्याने वाचत वाटायचे. शेवटची हातात द्यायचे नाहीत, टेबलावरून सरकवून खाली पाडायचे. ती उचलायला थोरलीला दर वेळी फळ्यापर्यंत चालत जावं लागे.

"ही माझ्या घरातली वजाबाकी," असं ते एकदा वर्गात म्हणाले. वर्ग खदखदून हसला. सर चांगला विनोद करतात अशी त्यांची ख्याती होतीच. त्या दिवसापासून पोरं तिला वजाबाकी म्हणू लागली. मैदानावर, जिन्यात, पाण्याच्या नळापाशी, सगळीकडे वजाबाकी. तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

एकदा तिला एक समीकरण सुटेना. सरांनी तिला फळ्यासमोर उभं करून ठेवलं. मधली सुट्टी झाली तरी "बस" म्हणाले नाहीत. मुलांनी डबे उघडले. सरांनीही टेबलावर आपला डबा उघडला. आई रोज दोघांचे डबे एकाच पिशवीत भरून द्यायची. सरांनी स्वतःचा डबा सावकाश संपवला, झाकण लावलं, पिशवीत तिचा डबा होता त्याच्या शेजारी ठेवला आणि पिशवीची चेन ओढली. थोरली खडू हातात धरून बघत होती.

आणि हाच माणूस रोज सकाळी दोन्ही मुलींचे बूट स्वतः पॉलिश करायचा. जुन्या बनियनच्या फडक्याने घासून घासून असे चमकवायचा की आईसुद्धा म्हणायची, "मुलींवर जीव आहे हो त्यांचा." आई एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांचं दुखणं ऐकून आलेली असायची. घरी आल्यावर तिला कोणाचं काही ऐकायचं नसे.

थोरली नववीत असताना सरांचा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग निघेचना. स्वरयंत्रावर गाठ होती. ती काढली, पण डॉक्टरांनी बजावलं की पूर्ण सत्रभर एक शब्दही बोलायचा नाही. सर घरी बसले. धाकटीची जुनी पाटी त्यांनी घेतली आणि तिच्यावर लिहून हुकूम सोडू लागले. कोणाला हाक मारायची तर टेबलावर हात आपटायचे. घर एकदम शांत झालं. थोरलीला त्या शांततेत बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून लाजही वाटायची.

शाळेत त्यांच्या जागी बदली बाई आल्या. दिसायला अगदीच साध्या होत्या. डस्टर हातातून निसटायचं, कपड्यांवर खडूची भुकटी असायची, आवाजात जरब म्हणून नव्हती. पहिल्या आठवड्यात वर्ग त्यांच्या पार डोक्यावर बसला. बाईंनी चाचणी घेतली आणि पेपर परत दिले तेव्हा त्यावर मार्कच नव्हते. चुकलेल्या गणितात जिथवर बरोबर होतं तिथे एक छोटी रेघ होती, बस. हुशार पोरं कुरकुरली. मार्क नाहीत तर कोण पहिला हे कळणार कसं?

बाईंनी थोरलीला वर्ग सुटल्यावर थांबायला सांगितलं. बाकावर पेपर ठेवून बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. आठ अधिक चार बरोबर रिकामी चौकट अधिक पाच. चौकटीत थोरलीने बारा लिहिले होते.

"हे बारा कसे आले?"

"चुकलं, बाई."

"चुकलं ते मला दिसतंय गं. मी विचारतेय, लिहिताना तुझ्या मनात काय होतं?"

हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. बाईंनी घाई केली नाही.

"आठ आणि चार बारा," ती शेवटी म्हणाली. "बरोबरच्या पुढे उत्तर लिहायचं असतं ना. ते पुढचे पाच कशाला आहेत ते मला कळलं नाही, म्हणून सोडून दिले."

"बरोबर म्हणजे काय?"

"म्हणजे बरोबर. चूक नसलेलं. तिथे आपलं बरोबर आलं पाहिजे."

बाई तिच्या शेजारी बाकावर टेकल्या. मग उठल्या, टेबलावरची लांब लाकडी पट्टी आणली आणि डस्टरच्या कडेवर आडवी तोलून धरली. पट्टीच्या एका टोकाला खडूचे सारखे तुकडे ठेवायला लावले, आधी आठ, मग चार. दुसऱ्या टोकाला पाच. पट्टी एका बाजूला कलंडली.

"आता ही सरळ कर."

थोरली एकेक तुकडा ठेवत गेली. सातव्या तुकड्याला पट्टी डुगडुगली आणि आडवी झाली.

"ही जी दोन रेघांची खूण आहे ना, ती शाबासकी नाही," बाई म्हणाल्या. "तुझं बरोबर की चूक, हे ती सांगतच नाही. इकडचं वजन आणि तिकडचं वजन सारखं आहे, एवढंच सांगते. आपल्या भाषेत शब्द एकच पडला, त्यात तुझा काय दोष?"

थोरलीने पट्टीवरचे तुकडे पुन्हा मोजले.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंच."

ती रडायला लागली. बाईंना वाटलं, आनंदाने रडतेय. पण तो आनंद नव्हता, राग होता. एवढंच होतं तर मग ते फळ्यासमोर उभं राहणं, ती जमिनीवरून पेपर उचलणं, ते सगळं कशासाठी होतं?

त्या एका दुपारी सगळं सुटलं असं मुळीच नाही. अपूर्णांक पुढेही तिला छळत राहिले. ऋण संख्या पाहिल्या की ती पान उलटायची. पण चुकलं की कुठे चुकलं ते शोधता येतं, हे तिला कळलं. बाई वर्गासमोर स्वतःही चुकायच्या आणि "थांबा, कुठे घसरले मी?" म्हणत मागे जायच्या. वर्ग त्यांची चूक शोधण्यात रमायचा. वजाबाकीनेही एकदा शोधली. त्या दिवशी तिला कोणी हसलं नाही.

घरी ती जेवणाच्या टेबलावर समीकरणं सोडवत बसायची. एका संध्याकाळी सर मागे येऊन उभे राहिले. दोन्ही बाजूंनी पाच वजा केलेली ओळ त्यांनी पाहिली, तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि ती ओळ खोडली. मग पाटीवर लिहिलं, "बाजू बदलली की चिन्ह बदलतं."

"का बदलतं, बाबा?"

त्यांनी पाटीवर बोट आपटलं. खाली लिहिलं, "नियम आहे."

"बाई म्हणतात तसा काही नियम नाही. दोन्हीकडून सारखंच काढलेलं असतं, म्हणून ते बदललंय असं वाटतं."

तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की बाबांना हे ऐकून बरं वाटेल. सर पाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती पुसली आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी धाकटीचे बूट चमकत होते. थोरलीचे आदल्या दिवशीच्या चिखलासकट तसेच होते.

सत्र संपायच्या आधीच सर परत आले. बाईंना उरलेल्या दिवसांपुरतं खालच्या वर्गांवर पाठवलं. आवाज आला होता, पण खरखरीत, खाली बसलेला. पहिल्याच तासाला त्यांनी तिला फळ्यावर बोलावलं आणि दोन्ही बाजूंना चलपद असलेलं, लांबलचक समीकरण घातलं. तिने ते सोडवलं. हळूहळू, प्रत्येक पायरी लिहून, शेवटी उत्तर परत घालून तपासूनसुद्धा.

"पद्धत कोणाची?"

"बाईंची, सर."

सरांनी वरपासून खालपर्यंत फळा पुसला. "माझ्या वर्गात माझी पद्धत. शून्य. बस खाली."

वार्षिक परीक्षेतही तेच केलं. तिची उत्तरं बरोबर होती, पायऱ्या सरांच्या नव्हत्या. त्यांनी प्रत्येक पायरीला लाल काट मारली आणि स्वतःच्या मुलीला नापास केलं. शिक्षकांच्या खोलीत लोक म्हणाले, काय तत्त्वाचा माणूस आहे. मुख्याध्यापिकांनी पेपर पाहिला. त्यांना सगळं कळलं, आणि त्यांनी तिला वरच्या वर्गात ढकलून विषय संपवला. सर त्यांना एवढंच म्हणाले की बदली बाई मुलांना मनाला येईल ते शिकवतात, अशाने शाळेचा निकाल बसेल. निकाल म्हटल्यावर मुख्याध्यापिकांना आणखी काही ऐकायची गरज नव्हती. बाईंना पुढच्या वर्षी बोलावलं नाही. शेवटच्या दिवशी थोरली फाटकापाशी त्यांची वाट बघत थांबली होती. बाई खांद्यावर पिशवी घेऊन तिच्या समोरून गेल्या, पण थांबल्या नाहीत. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या पेपरावरून आपलं काम गेलं, हे त्यांना कळलं होतं.

शाळेची शेवटची, दहावीची परीक्षा बाहेरचे लोक तपासत. तिथे कोणाच्या घरातली वजाबाकी कोण, हे कोणाला ठाऊक नव्हतं. थोरलीला गणितात इतके मार्क मिळाले की सरांनी निकाल दोनदा वाचला. मग ते बाहेर पडले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले, "शेवटी रक्त कोणाचं? जरा कडक वागलो म्हणून झालं."

तिच्या सत्काराला सभागृह भरलं होतं. मुख्याध्यापिकांनी सरांना व्यासपीठावर बोलावलं आणि माइक थोरलीच्या हातात दिला. आई पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी धाकटी.

"मला गणित बदली बाईंनी शिकवलं," थोरली म्हणाली. "सरांनी नाही."

आणि ती खाली उतरली. सगळ्यात आधी टाळ्या सरांनीच वाजवल्या. हसत हसत, मनापासून वाजवाव्यात तशा.

घरी ते काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. काही सांगायचं असलं तर आईमार्फत निरोप यायचा, एकाच खोलीत असले तरी. थोरलीने ते सोसलं. तिला वाटलं, याहून वाईट आता काय होणार?

जूनमध्ये धाकटी सरांच्या वर्गात गेली.

धाकटी बडबडी होती. हसली की सगळं घर हसायचं. पहिल्याच दिवशी सरांनी तिला फळ्यावर उभं केलं. ती अडखळली तेव्हा ते म्हणाले, "मला काय विचारतेस? घरी ताई आहे ना तुझी, तिला विचार. मी कोणाला शिकवत नाही, माहीत नाही का तुला?" वर्ग हसला. मग हे रोजचंच झालं. दिवाळी येईपर्यंत धाकटीने नखं कुरतडून बोटं लाल केली होती. बोलायला लागली की पहिलाच शब्द अडकायचा.

थोरली आईकडे गेली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, तू बोल ना काहीतरी त्यांच्याशी."

"बोलायचं असतं तर तुझ्या वेळीच बोलले असते," आई घडीवरून हात फिरवत म्हणाली. "आता कुठल्या तोंडाने बोलू?"

बदली बाईंचा पत्ता शाळेत कोणाकडे नव्हता. निदान सांगितला तरी नाही. तेव्हा थोरलीने स्वतःच धाकटीला शिकवायचं ठरवलं. संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसायच्या. एकदा धाकटी अपूर्णांकांची बेरीज करत होती. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. थोरलीने समजावलं. कागदाच्या पट्ट्या दुमडून दाखवल्या. धाकटीने मान डोलावली आणि पुन्हा तेच केलं. पुन्हा समजावलं. पुन्हा तेच.

"डोक्यात काय भुसा भरलाय का तुझ्या?"

आवाज थोरलीचा होता, सूर थेट बाबांचा. धाकटीने चटकन तळहात पसरून कागद झाकला. ओट्यापाशी आईने नळ बंद केला.

बाहेरच्या खोलीतून सरांचा तो खरखरीत आवाज आला. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होते. आवाजात राग नव्हता, उलट जवळीक होती.

"कळलं आता, कसं असतं ते?"

बाहेर जाऊन काहीतरी बोलावं असं थोरलीला वाटलं, पण ते खोटं बोलत नव्हते. ती उठली, पाणी प्यायली आणि पुन्हा येऊन खाली बसली. धाकटीने हात उचलला नव्हता. बोटांच्या फटीतून कागदाची कडही दिसू नये म्हणून तिने दुसरा हातही वर ठेवला होता.

"तू प-परत ओरडशील?" तिने विचारलं.

"ओरडेन कदाचित," थोरली म्हणाली. "ओरडले तर तू सरळ उठून जा. मी येईन मागून."

धाकटीने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग तिने वरचा हात काढला, खालचा जरासा मागे घेतला आणि पहिली ओळ तेवढी दिसू दिली.