दोन हजार हातांची रांग

चर्चमधली रविवारची मिस्सा आटपून आयडा स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसली होती, आणि आतल्या खोलीत कुणीतरी परका माणूस बोलत होता.

आवाज पुरुषाचा, सावकाश. एकेक शब्द जरा ओढून काढलेला, पण कुठेही न अडलेला. "मे महिना. एकतीस दिवस. सोमवार, मंगळवार, बुधवार..." आयडाचे हात थांबले. मुलुंडच्या त्या जुन्या गावठाणात तिच्या अंगणातून कोंबडीसुद्धा बिचकत जायची, आणि हा कोण तिला न विचारता थेट आत शिरला? ओल्या हातांनीच ती उठली, लुगड्याचा ओचा खोचला आणि दारात जाऊन उभी राहिली.

खोलीत फक्त ऑगस्टीन होता, तिचा मुलगा. कानांवर हेडफोन, हातात टेपरेकॉर्डरचा माइक. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तो वाचत होता, "गुरुवार, शुक्रवार, शनिवार."

आयडाने दाराची चौकट धरली. सव्वीस वर्षांत या पोराच्या तोंडून 'शनिवार' हा शब्द असा अखंड बाहेर पडलेला तिने ऐकला नव्हता.

बोलायला लागला तोच अडखळत लागला होता ऑगस्टीन. आयडाने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. नवस केले, मेणबत्त्या लावल्या. शेजारच्या वसुधाबाईंच्या देवघरातला शंख गुपचूप मागून आणून त्यातलं पाणी पाजलं आणि पुढच्या शनिवारी चर्चमध्ये फादरांपाशी ते पाप कबूलही करून आली. कशाने फरक पडला नाही. मग तिने एकच सोपा उपाय धरला. तो बोलायचा थांबला की उरलेलं ती बोलायची. शाळेत मास्तरांना तीच उत्तर द्यायची, दवाखान्यात दुखणं तीच सांगायची. कारखान्यात मीटर दुरुस्तीच्या नोकरीसाठी बोलावलं तेव्हा साहेबासमोर जाऊन बसली ती आयडा. शाळा दोन यत्ता, पण बाजारातले भाजीवाले तिच्या जिभेला टरकून असत. एवढी जीभ देवाने दिलीय ती दोघांपुरती आहे, असं ती म्हणायची.

ऑगस्टीनने बोलणं सोडून दिलं आणि वायरी धरल्या. पाच वर्षं खपून त्याने एक पेटी केली होती. सिंथेसायझर म्हणतात म्हणे. आयडा तिला वायरींचं कपाट म्हणायची. प्लायवूडच्या चौकटीत पत्र्याचे वेगवेगळे खण. एक खण सूर काढायचा, दुसरा त्याची धार कापायचा, तिसरा त्याला लहानमोठा करायचा, आणि कुठला खण कुठल्याला जोडायचा ते वायर टोचून आपण ठरवायचं. ख्रिसमसला त्याने त्यावर कॅरल वाजवलं तेव्हा सगळं गावठाण अंगणात गोळा झालं होतं. जिभेवाचून गाता येणारं एक यंत्र त्याने केलं होतं, एवढं आयडाला कळत होतं. ते तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

गेल्या महिन्यात बोटीवर नोकरीला असलेल्या अल्फान्सोने, आयडाच्या भाच्याने, जपानहून दोन चिपा आणून दिल्या. झुरळाएवढ्या काळ्या, दोन्ही अंगांनी पाय फुटलेल्या. आवाज आत घ्यायचा आणि थोडा थांबवून बाहेर सोडायचा, हे त्यांचं काम. ऑगस्टीनने तिला समजवायचा प्रयत्न केला होता.

"आत बा-बा-बा..."

"बाजा?"

"बा-बा..."

"बाटली! अरे, सांग ना चटकन."

"बादल्या," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला होता. मागे गवताच्या गंजीला आग लागली होती तेव्हा विहिरीपासून शेतापर्यंत माणसं रांगेने उभी राहिली होती, आणि बादली या हातातून त्या हातात गेली होती, तसं. दोन्ही चिपा एकामागे एक लावल्या की दोन हजारांवर हातांची रांग. हात सावकाश चालले की आवाज उशिरा पोचतो आणि वाटेत थोडा सांडतो. एवढं सांगायला त्याला अर्धा तास लागला होता, आणि त्यातला अर्धा वेळ आयडाने चुकीचे शब्द भरण्यात घालवला होता.

महिनाभर तो त्या हातांचा वेग बदलून बघत होता. वेगात चालवले की नुसता सूर भरदार व्हायचा. आज त्याने ते अगदी मंद केले, स्वतःचाच आवाज स्वतःच्या कानात उशिरा सोडला, आणि जीभ सुटली.

"ऑगस्टीन!" आयडा म्हणाली.

तो वळला. हेडफोन काढले नाहीत. माइक तोंडाशी धरून, तिच्याकडे सरळ बघत त्याने सावकाश सांगितलं, "आई, ज्युलियाला मी अजून हो म्हटलेलं नाही. तू म्हटलंस."

नाहूरची ज्युलिया आयडाने हेरली होती, तिनेच मागणी घातली होती. मुलीला आईबाप नव्हते. तिच्या ॲग्नेसमावशीला आयडा म्हणाली होती, "आमचा पोरगा थंड आहे हो, चार शब्दांचं काम एका शब्दात करतो." दोनदा भेटी झाल्या. दोन्ही वेळा ऑगस्टीन हसून गप्प बसला आणि आयडा बोलत राहिली. पुढच्या रविवारपासून चर्चमध्ये, लग्नाला कुणाची हरकत आहे का म्हणून, दोघांची नावं वाचली जायची होती.

"काढ ते कानावरचं," ती कडाडली. "यंत्राच्या आडून आईला बोलतोस? त्या पोरीत खोट काय आहे?"

ऑगस्टीनने मुकाट्याने हेडफोन काढले आणि तिच्याच डोक्यावर चढवले. माइक पुढे केला. "ब-ब-बोल."

"बोलते की! मला काय भीती—" आयडा म्हणाली, आणि घागरीत तोंड घालून कुणीतरी तिचेच शब्द तिच्यामागून बोललं. ती पुढे गेली तर तो आवाज पायात आला. ती थांबली तर तो बोलून गेला. "मला का-काय... मी म्हणते, पो-पोरीत..." जीभ जड झाली. शब्द डोक्यात लख्ख दिसत होता आणि तोंड त्याच्यावर येऊन अडत होतं. चिडून जोर लावला तर आणखी अडकलं. ज्या जिभेला बाजार टरकत होता ती तिच्याच तोंडात परक्यासारखी वळवळत होती. आणि समोर ऑगस्टीन उभा होता. तो हसत नव्हता. तिचा शब्द त्याला ठाऊक होता हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पण तो तिच्यासाठी तो बोलला नाही. थांबून राहिला.

आयडाने हेडफोन उतरवले. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"असं होतं तुला?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

"दर वेळी?"

त्याने पुन्हा मान हलवली.

ती तिथेच त्याच्या स्टुलावर बसली. म्हणाली, "बुधवारी फादर बोलावतील. एकट्याला आत घेतील. लग्न मर्जीने करतोस का, कुणाची जबरदस्ती नाही ना, सगळं विचारतील. मी आधीच जाऊन विचारून आले, नुसती मान हलवली तर चालेल का म्हणून. नाही म्हणाले, तोंडाने सांगावं लागेल." मग एकदम म्हणाली, "ही पेटी टॅक्सीत घालून नेऊ या."

"आणि ल-लग्नानंतर?" ऑगस्टीनने विचारलं. "रो-रोज बा-बाजारात ने-नेऊ?"

आयडा उठून कोळंबीकडे परत गेली.

बुधवारी चर्चच्या कचेरीबाहेर बाकावर तिघी बसल्या होत्या. आयडा, ज्युलिया आणि ॲग्नेसमावशी. ज्युलियाचं आधी विचारून झालं होतं. ऑगस्टीन आत जाऊन दहा मिनिटं होत आली होती. दार लोटलेलं होतं, पण आतलं ऐकू येत होतं. ऐकू येण्यासारखं जे होतं ते. फादर बॅप्टिस्टांचा प्रश्न आला आणि नंतर काहीच नाही. मग "म-म-म..." आणि पुन्हा काहीच नाही.

"बरं नाही का त्याला?" ॲग्नेसमावशी कुजबुजली.

आयडाने लुगड्याचा पदर मुठीत आवळला. 'मर्जीने, फादर' हे दोन शब्द तिच्या टाळूला येऊन टेकले होते. दार ढकललं की झालं.

तेवढ्यात दार उघडलं. फादर म्हातारे होते, दमले होते. "आयडाबाय," ते हळूच म्हणाले, "तुम्ही आत या. तुम्हीच काय ते सांगा त्याच्या वतीने, मी लिहून घेतो. नियमात बसत नाही, पण लेकराचे हाल बघवत नाहीत."

सव्वीस वर्षांत आयडाला कुणी असं बोलावलं आणि ती उठली नाही, असं झालं नव्हतं.

"नाही फादर," ती म्हणाली. "थांबा तुम्ही. तो सांगेल."

"अहो, पण किती वेळ..."

"लागू दे. तुम्हाला घाई असेल तर उद्या येतो. उद्या नाही तर परवा. पण मी आत येणार नाही."

फादर दार लोटून परत आत गेले. ॲग्नेसमावशीने काही विचारायच्या आत आयडा ज्युलियाकडे वळली. असलं बोलायची तिला सवय नव्हती. तिने कुणाची माफी मागितल्याचं गावठाणात कुणी ऐकलं नव्हतं.

"पोरी, मी खोटं सांगितलं तुम्हाला. थंड नाही तो. तोतरा आहे, लहानपणापासून. आणि त्याला कुणी विचारलंच नाही. मीच हो म्हटलं."

"अगं बाई!" ॲग्नेसमावशी उभीच राहिली. "चल गं ज्युलिया, ऊठ! आम्ही काय रस्त्यावर पडलोय? आमच्या मुलीला हे असलं—"

"मावशी, बस," ज्युलिया म्हणाली. आवाज बारीक होता, पण हलला नाही. "माझ्या वतीनेही कुणी बोलू नका." आणि ती दाराकडे कान देऊन बसली.

आत खुर्ची सरकली. ऑगस्टीन बोलत होता. शब्द येत होता, अडत होता, मागे जाऊन पुन्हा येत होता. आयडाला प्रत्येक शब्द आधीच कळत होता आणि प्रत्येक वेळी ती ओठ मिटून घेत होती. डोळ्यांतून पाणी आलं, तरी मिटून घेत होती.

"मी... त-त-तिच्याशी क-कधी बो-बोललो नाही, फादर. आधी ति-तिच्याशी बोलीन. म-मग सांगीन."

दार उघडून तो बाहेर आला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्याने ज्युलियाकडे बघितलं आणि तोंड उघडलं. शब्द आला नाही. ज्युलिया उठून उभी राहिली, पण काही बोलली नाही. आईचा शब्द अडला तेव्हा तो थांबला होता, तशीच ती थांबली. शेवटी शब्द आला आणि दोघं आवारातल्या आंब्याकडे चालत गेली.

दूर झाडाखाली ऑगस्टीनचा जबडा हलताना दिसत होता. ज्युलियाने दोनदा मान हलवली. एवढ्या लांबून होय काय नि नाही काय, कळत नव्हतं. ॲग्नेसमावशी तोंड फिरवून बसली होती.

फादर बॅप्टिस्ट वही घेऊन दारात आले. "काय ठरलं, आयडाबाय? रविवारी नावं वाचायची का?"

"मला काय विचारता, फादर?" आयडा म्हणाली आणि बाकावर मागे टेकून बसली.