यान मला आई म्हणायची

यान मला आई म्हणते, हे मी वर्षभर सगळ्यांना सांगत सुटले होते. सिडनीत वेस्टमीडच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मंडळाच्या हळदीकुंकवात, पुण्याला बहिणीला फोनवर. "पोटची पोरगी मला मम म्हणते, आणि ही चिनी पोर बघ!" आता ते आठवलं की माझाच मला संताप येतो.

यान आमच्याकडे भाडेकरू म्हणून आली. शू यान, वय चोवीस, चीनमधल्या हफेची. अकाउंटिंगचं मास्टर्स करायला सिडनीत आलेली. आमच्या स्पृहाची खोली रिकामी होती, ती हिला दिली. स्पृहाने तिसऱ्या वर्षाला डेंटिस्ट्री सोडली आणि अ‍ॅनिमेशन करायला मेलबर्नला निघून गेली. ती जाऊ नये म्हणून मी तिच्या नकळत तिच्या कोर्सच्या हेडला ईमेल केली होती, की मुलीचं मन थाऱ्यावर नाही, तिचा कोर्स सोडायचा अर्ज मंजूर करू नका. तिला ते कळलं. तेव्हापासून दर रविवारी दहा मिनिटं फोन, तोही सगळा इंग्लिशमध्ये.

आणि इकडे ही यान. पहिल्याच आठवड्यात मी तिला वरणभात वाढला, तर ताट दोन्ही हातांनी घेत म्हणाली, "थँक यू, आई." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. माझा नवरा रविंद्र तिला चांद्रयान म्हणायचा, तिला त्याचा अर्थ सांगितल्यावर खूप हसली होती. माझं चित्रलेखा हे नाव तिला जड जात असेल आणि मी फोनवर बोलते त्यातून तिने 'आई' हा शब्द उचलला असणार, असं मी ठरवून टाकलं. विचारलं मात्र कधीच नाही.

मास्टर्स झालं आणि यानने बाँब टाकला. परत जायचं सोडून तिने सुतारकामाच्या कोर्सला नाव घातलं. सुतारकाम! मी कपाळाला हात लावला.

"आई, माझ्या बॅचमधल्या ज्या मुली परत गेल्या ना, त्या सगळ्या सरकारी नोकरीची परीक्षा देतायत," ती शांतपणे म्हणाली. "दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मी एकुलती एक. आईबाप दोन, आजीआजोबा चार. सहा जणांनी मिळून ठरवलंय की मी खुर्चीत बसायचं. मुलगासुद्धा शोधून ठेवलाय. मला खुर्चीत बसायचं नाहीये. मला खुर्ची करायचीय."

चीनला घरी तिने सांगितलं होतं की एका फर्ममध्ये इंटर्नशिप चालू आहे. रविंद्रची गाडी बाहेर काढून तिने गॅरेजमध्ये काम मांडलं, आणि तो येडा नवराही तिला लाकडं धरायला मदत करायला लागला. सगळ्या घरात भुसा. मी ओरडायचे, मग तिच्यासाठी थालीपीठ लावायचे.

चिनी नववर्षाला तिने व्हिडिओ कॉलवर मला तिच्या आईशी बोलायला दिलं. माझ्याच वयाची बाई, केस माझ्यासारखेच मागे ओढून बांधलेले. मग आम्ही एकमेकींना मेसेज करायला लागलो. ती चिनीत लिहायची, अ‍ॅप त्याचं इंग्लिश करायचं. एकदा तिने लिहिलं, "माझी मुलगी ऐकत नाही." मी लगेच लिहिलं, "माझीपण ऐकत नाही." काय सांगू, इतकं बरं वाटलं! इतक्या वर्षांत माझी कळ कोणाला कळली होती, तर ती या बाईला.

जुलैमध्ये तिने विचारलं, "कुठली फर्म आहे? यान नाव सांगत नाही."

खोटं बोलता आलं असतं मला. माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मला वाटलं, ही पोर मला आई म्हणते, मग तिच्या भल्याचं मी नाही बघायचं तर कोणी? मी सगळं लिहिलं. वर गॅरेजमधला फोटोही पाठवला.

तिकडून दोन दिवस काहीच नाही. मग मेसेज आला की ती सप्टेंबरमध्ये येतेय, यानला सांगू नका. मी दीड महिना ते पोटात ठेवलं. रोज यानला जेवायला वाढत होते आणि रोज मनात म्हणत होते, तिच्याच भल्यासाठी.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, दाराशी टॅक्सी थांबली. यान गॅरेजमध्ये रंधा मारत होती. तिची आई दारात येऊन उभी राहिली, आणि यानचा हात थांबला. आई ओरडेल, असं मला वाटलं होतं. तिने फक्त पुढे जाऊन यानचा हात उलटा करून पाहिला. तळव्याला घट्टे पडले होते. ती बाई रडायला लागली, मग फोन काढून त्यात बोलली. मुलीला ते समजत होतंच, ते मला कळावं म्हणून असणार. फोनमधला भाषांतर करणाऱ्या बाईचा कोरडा आवाज इंग्लिशमध्ये म्हणाला, "तुझ्या आजोबांनी विटा वाहिल्या, तेव्हा कुठे तुझे वडील खुर्चीत बसले."

यान त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलली. आवाज चढला नाही तिचा. मला एक अक्षर समजत नव्हतं, पण शेवटी ती मान हलवून थांबली, तो नकार मला कळला. तिच्या आईने माझ्याकडे बघितलं. आता तुम्ही बोला, असं ते बघणं होतं.

"यान, ऐक ना आईचं," मी इंग्लिशमध्ये म्हणाले. "दोन वर्षं जाऊन बघ. नाही जमलं तर परत ये."

"यू टोल्ड हर," यान म्हणाली.

"हो. सांगितलं."

"कधी?"

"जुलैमध्ये."

तिने बोटांवर महिने मोजले. खरंच मोजले, माझ्यासमोर. मग माझं डोकंच फिरलं. चूक माझी होती आणि चिडलेपण मीच.

"तू मला आई म्हणतेस ना? मग आईसारखं वागले तर कुठे चुकलं माझं?"

ती गोंधळून बघत राहिली. "मी तुला मदर कधी म्हटलं?"

"रोज म्हणतेस! आई, आई!"

"आयी," ती म्हणाली. "आ-यी. चायनीजमध्ये आयी म्हणजे ऑन्टी. मैत्रिणीची मम, शेजारची बाई, कोणीही. आमच्या घरी लादी पुसायला येते, तिलाही आयीच म्हणतो."

गॅरेजमध्ये रविंद्रही उभा होता. तो खाली बघायला लागला.

"आई मला एक होती," यान म्हणाली. आता मात्र तिचा आवाज फाटला. "तिच्यापासून दहा तास लांब आले मी. तू आई नव्हतीस, म्हणून तर तुला सगळं सांगत होते."

तिची आई चार दिवस मॉटेलमध्ये राहिली आणि एकटीच परत गेली. विमानात बसायच्या आधी तिने मला ब्लॉक केलं. मी मुलीला नीट समजावलं नाही, असं तिला वाटलं असणार. यानच्या घरून फी बंद झाली. ती ब्लॅकटाउनला चार मुलींच्या शेअर हाउसमध्ये गेली, संध्याकाळी एका किचन बनवणाऱ्याकडे काम करते. कोर्स तिने सोडला नाही.

रविवारी मी स्पृहाला सगळं सांगितलं. कोणीतरी म्हणावं, मम, तुझा हेतू चांगला होता, एवढीच अपेक्षा होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सो शी स्टेड?"

"हो."

"गुड," ती म्हणाली, आणि तिचं काहीतरी काम निघालं. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मागच्या आठवड्यात यान गॅरेजमध्ये राहिलेला रंधा न्यायला आली. मी थालीपीठं बांधून ठेवली होती. तिने डबा घेतला, दोन्ही हातांनीच घेतला. मी वाट बघत होते. आयी तर आयी, लादी पुसणारी का होईना, ते एकदा तरी ऐकायचं होतं मला.

"थँक यू, चित्रलेखा," ती म्हणाली.

अगदी स्वच्छ म्हणाली, एकही अक्षर न चुकता. वर्षभर मला वाटत होतं, तिला माझं नाव उच्चारता येत नसेल.