पिंगळ्याच्या चोचीतलं

चार बोटं लांब शेपूट, टोकाला जरा वाकलेलं.

कामरगावच्या फोटो स्टुडिओतली अंधारी खोली. लाल दिवा. औषधाच्या पाण्यात बुडवलेले कागद.

गोजराबाईच्या कोंबडीची पिल्लं: सोमवारी अकरा, बुधवारी नऊ.

उजवा हात. जागेवर आहे, पण हलत नाही.

गोजराबाईचा धोशा: "पिल्लं पिंगळाच नेते!"

हे सगळं एका कडुनिंबाखाली गोळा झालं, ते असं.

धनज गावात ग्यानबाच्या आणि गोजराबाईच्या अंगणांच्या मधोमध तो कडुनिंब. खोडातल्या ढोलीत पिंगळ्याची जोडी. घुबड मुठीएवढं, पण डोळे असे की बघणाऱ्यानंच नजर खाली घालावी. तीन वर्षांपूर्वी ग्यानबाच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तो अंगणातल्या बाजेवर होता. येणारे-जाणारे त्याच्या बायकोला, विमलबाईला विचारत, "कसा हाये तो?" बाजेवरच्या माणसाला कुणी काही विचारत नसे. दिवस कलला की पिंगळे ढोलीच्या तोंडाशी येत, मान गोल फिरवून त्याच्याकडे बघत, आणि ग्यानबाचा दिवस तिथून सुरू होई. यंदा तर आत पिल्लंही चिरचिरत होती.

आणि गोजराबाई म्हणत होती, येत्या रविवारी ढोली दगडमातीनं बुजवणार.

"पिल्लं आत असतानी?" विमलबाईनं विचारलं.

"अन् माह्यी पिल्लं काय रस्त्यावर पडली हायेत?"

शेवटी ठरलं, पिंगळा चोचीत काय आणतो ते आधी पाहायचं. विमलबाईचा भाचा इंद्रभान कामरगावच्या स्टुडिओत कामाला होता. तो कॅमेरा आणि फ्लॅशचे बल्ब घेऊन आला आणि तीन दिवस सांजवेळी शिडीवर चढून बसला. शनिवारी दुपारी फोटो घेऊन जीपमधून उतरला. सात जमले होते. पण चोचीत लोंबणारं ते नेमकं काय, हे त्याला उमगेना.

"मावसाजी, तुमीच पाहा बरं."

ग्यानबा पूर्वी उंदरांची बिळं खणायचा. ज्वारी निघाली की उंदरांनी जमिनीखाली साठवलेली कणसं काढून आणायचा. दुष्काळात घर त्याच्यावरच चाललं. बिळाच्या तोंडाशी पडलेली माती बघून तो सांगे, आत कोण आहे आणि किती लेकरांचं आहे.

विमलबाईनं त्याला उशीला टेकवून बसवलं आणि एकेक फोटो डोळ्यांपुढे धरला. गोजराबाई कमरेवर हात ठेवून उभी.

पहिला. "घरातला उंदीर. शेपूट आंगापेक्षा लांब."

दुसरा. "भुंगेरा."

चौथा. "पाल. शेपूट देऊन सुटाले गेली, पिंगळ्यानं धडच धरलं."

तिसरा आणि पाचवा. "रानातल्या उंदराची पोरं. दिवाळीले ज्वारी खाल्ली असती लेकांनी."

सातवा. "चिचुंद्री. नाक पाहा. गोजरासारखं."

"माह्यं नाक कायले काढतं रे?" गोजराबाई म्हणाली, पण तिलाही हसू फुटलं.

मागे ठेवलेला सहावा इंद्रभाननं पुढे केला. पांढुरका, फुगीर गोळा. त्याखाली दोन बारीक दोऱ्या लोंबत होत्या.

"दोन शेपट्या!" इंद्रभान खुशीत ओरडला. "एका खेपेत दोन उंदीर!"

गोजराबाईनं वाकून पाहिलं. तिचा आवाज उतरला. "हाव, दोनच दिसतात. मंग माह्यी पिल्लं मांजरीनं नेली असतीन. राहू द्या ते ढोली."

विमलबाई घाईघाईनं फोटो गोळा करू लागली. ग्यानबानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"थांब."

ढोलीतून चिरचिर ऐकू येत होती. त्यानं मान तिकडे वळवली. विमलबाईनं मनगट सोडवून घेतलं नाही.

"शेपटीले सांधा नसते," तो म्हणाला. "ह्या दोनी मधात मोडल्या. पाय हायेत ते. कोंबडीचं पिल्लू हाये, गोजरा."

इंद्रभाननं फोटो उलटा-सुलटा करून पाहिला आणि गोजराबाईपुढे धरला.

"मंग बोलला कायले?" गोजराबाई जवळजवळ चिडलीच. "मी तं मानलं होतं ना!"

"तीन वर्सांत पयल्यांदा मले कोनं काई इचारलं. अन् तेच खोटं सांगू?"

गोजराबाईनं फोटो हातात घेतला. पदरानं पुसला. मग बाजेच्या कडेवर बसली. आजवर ती लांबूनच बोलत आली होती.

"आयक, भाऊ. दिवस कलायच्या आत मी पिल्लं टोपल्याखाली झाकीन. पन चुलीपाशी मले भान राह्यत नाई. पिंगळा ढोलीच्या तोंडाशी आला का तू हाक देजो. जोरात. जमन?"

"जमन."

"पाहू बरं. मार."

ग्यानबानं तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसता घोगरा वारा निघाला. दुसऱ्यांदा हाक आली, "गोजराऽ!" हाकेच्या झटक्यानं तो स्वतःच हलला.

"आली रे बापा, आली," त्याच्या शेजारीच बसलेली गोजराबाई म्हणाली.

इंद्रभान कॅमेरा घेऊन आला, त्याच्या आदल्या दुपारी विमलबाईनं ढोलीखाली पडलेली कोंबडीच्या पिल्लाची पिवळी पिसं वेचून चुलीत टाकली होती.