गरम पाण्यासाठी कलादान

नांदुऱ्यात शालिग्राम सरांशिवाय लग्न लागत नसे. लावायचे भटजीच, पण सरांनी माईकवरून सांगेपर्यंत ते लागल्यासारखं कुणाला वाटायचं नाही. घरी सर वऱ्हाडीच बोलत. माईक हातात आला की मात्र जिभेला पुणेरी वळण लागे.

गावाबाहेर निराधार म्हाताऱ्यांचं घर चालवणाऱ्या सत्यभामाबाई त्यांच्याकडे मदत मागायला आल्या. थंडीत अंघोळीला गरम पाणी मिळावं म्हणून छतावर सोलर बसवायचा होता, त्यासाठी एक कार्यक्रम हवा होता.

"मानधनाचा विषय काढू नका, ताई," सर म्हणाले. "कला ही दान करायची गोष्ट आहे."

सत्यभामाबाईंनी तो विषय काढलाच नव्हता.

सरांनी लग्नांतली आपली दोन माणसं सोबत घेतली. फोटोवाला ऋत्विक म्हणाला, मी फिल्म बनवतो, फुकट. पार्लरवाल्या बेबीताई म्हणाल्या, मी मेकअप करते, फुकट. ही बातमी तिघांनी मिळून गावभर इतकी सांगितली की सत्यभामाबाईंना बाजारात मान वर करून चालायची चोरी झाली.

शूटिंगच्या दिवशी घोटाळा झाला. म्हातारे खाऊनपिऊन सुखी होते, पत्त्यांवरून भांडत होते. त्यात बेबीताईंनी तिथल्याच तानाबाईंना लाली-पावडर लावून, गजरा माळून नवरीसारखं बसवलेलं.

"ताई, पुसा ते," ऋत्विक म्हणाला. "मले दुःख पायजे."

"तुह्या दुःखापायी मी माह्यं सामान वाया घालू काय?"

सरांनी तोडगा काढला. फिल्ममध्ये दुःख, स्टेजवर मेकअप. मग सगळ्यांची तोंडं हौदाच्या थंडगार पाण्याने धुतली. म्हातारे कुडकुडायला लागले. ते कुडकुडणं कॅमेऱ्यात फार सुंदर आलं. फक्त पुंजाजी नावाचे एक म्हातारे काही केल्या रडेनात. उभा जन्म बैलबाजारात दलाली केलेला माणूस. शेवटी स्वयंपाकघरातून कांदा आणला.

कार्यक्रमाला मंगल कार्यालय भरलं. फिल्म सुरू झाली, मागे बासरी वाजली, आणि सर म्हणाले, "पाहा, या डोळ्यांतला हा महापूर." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग तेच म्हातारे लाली लावून स्टेजवर आले. लोक गोंधळले. प्रसंग सावरायला सरांनी माईक पुंजाजींपुढे धरला.

"बाबा, कोणती वेदना होती त्या अश्रूंमागे?"

"कांद्याची," पुंजाजी म्हणाले.

सभागृह हसलं. सरही हसले आणि माईक मागे ओढू लागले, पण तो आता पुंजाजींच्या मुठीत होता.

"हे फोटोवालं पोरगं म्हणे, बाबा, आपला पोरगा आठवा अन् रडा. म्या म्हटलं, मले पोरगाच नाही, तुहा बाप आठवू काय? अन् ही तानाबाई. मी तिले पाव्हणी समजून नमस्कार केला. या सरांले इचारलं, पाणी कधी गरम होईन, तं म्हणे पह्यले लोकांच्या भावना तापल्या पायजेत."

लोकांची हसून पोटं दुखली. सरांच्या हाती माईक परत आला तेव्हा लोक गाड्या काढायला निघाले होते. दानपेटीत जे पडलं ते साऊंडवाला भाड्यापोटी घेऊन गेला. त्या कार्यक्रमात दानाची भाषा न केलेला तो एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी कापसाचे व्यापारी जानराव सरांकडे आले. त्यांच्या मुलीचं लग्न सरांकडेच होतं.

"सर, राग नका मानू. त्या बाबाले पाठवता काय लग्नात? तुम्हीबी राहा ना. माईक धराले कोणी पायजेच."

कलादानाचं जाहीर करून बसल्यावर सर नाही कसं म्हणणार? ते जानरावांना घेऊन पुंजाजींकडे गेले.

"येतो," पुंजाजी म्हणाले. "पण फुकट नाही."

"बाबा, अहो, कला ही..."

"कला तुमची, सर. मी बोलाचे पैसे घेतो."

त्यांनी जानरावांचा हात रुमालाखाली घेतला आणि बैलाचा सौदा करावा तशी बोटं दाबली. जानरावांचा चेहरा पडला. इतका तो सरांच्या मानधनाला कधी पडला नव्हता, हे सरांनी नीट पाहिलं.

त्या मोसमात पुंजाजींनी बरीच लग्नं मारली, आणि त्या पैशांतून थंडी सरायच्या आत सोलर बसला. टाकीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कलावंतांच्या दातृत्वातून'. खाली सर, ऋत्विक आणि बेबीताई.

"पुंजाजीबाबांचं नाव?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"त्यांनी मानधन घेतलं, ताई. ते दानात बसत नाही."

उद्घाटनाला पुंजाजी नव्हतेच, ते मेहकरला एका लग्नात होते. सरांना माईक एकट्याला मिळाला. भाषण संपल्याशिवाय नळ सोडायचा नाही असं ठरलेलं, म्हणून म्हातारी माणसं बादल्या घेऊन ओळीने उभी होती. सर करुणेच्या झऱ्यापर्यंत पोचले तेव्हा तानाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतःच नळ सोडला.

"बोला तुम्ही," त्या म्हणाल्या. "आम्ही तोंडं धुऊन घेतो."